वजा केलेली हवा

डेपोत तिचं नाव नळीवाली पडलं ते पहिल्याच दिवशी. उभ्या बसच्या मागे वाकून ती सायलेन्सरच्या तोंडाला नळी लावत होती. तेवढ्यात पलीकडच्या खड्ड्यातून, म्हणजे बसच्या पोटाखाली उतरून काम करतात त्या खड्ड्यातून, कुणीतरी म्हणालं, "डॉक्टरीणबाई, म्हातारीला ताप किती आहे तेही बघा." सगळी शेड हसली. तीही हसली, कारण थट्टा करणारा तिचा सख्खा भाऊ होता. त्यानंतर ड्रायव्हरपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे तिला नळीवालीच म्हणायला लागले. गळ्यातलं प्रयोगशाळेचं ओळखपत्र वाचायच्या फंदात कुणी पडलं नाही.

भाऊ डेपोत फिटर होता. घरी तो दादा, डेपोत शिट्टी. गाडीचं काम झालं की खड्ड्यातून तो एक लांबलचक शिट्टी मारायचा आणि ती ऐकून ड्रायव्हर चावी घेऊन यायचा. अलीकडे ती शिट्टी निम्म्यावरच तुटायची. मग तो पान्याने लोखंडावर ठोकून गाडी झाल्याचं कळवायचा. नाव मात्र शिट्टीच राहिलं. नावं चिवट असतात, माणसांपेक्षा जास्त टिकतात.

आईवडील लवकर गेले तेव्हा दादाने स्वतःचं दप्तर खुंटीला टांगून पाना हातात घेतला होता. तिचं दप्तर मात्र त्याने कधी खाली ठेवू दिलं नाही. हे तो बोलून दाखवायचा नाही. वहिनी दाखवायची, पण तिच्या बोलण्यात बोचणी नसायची. तिघं एकाच घरात राहत होती, आणि बहीण यंत्रं घेऊन आपल्याच डेपोत येणार म्हटल्यावर दादाने नवा सदरा घातला होता. खड्ड्यात उतरायला नवा सदरा घालणारा माणूस डेपोने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

काम असं होतं. शहराला नव्या बस घ्यायच्या होत्या आणि कुठल्या इंधनाच्या घ्यायच्या यावरून भांडण लागलं होतं. जुन्या डिझेल गाड्या काळा धूर ओकतात हे आंधळ्यालाही दिसत होतं. गॅसवाले म्हणत होते, आमचा धूर दिसतच नाही. तिसरी जात होती नव्या डिझेल गाड्यांची. त्यांच्या सायलेन्सरच्या पोटात एक बारीक जाळीचा फिल्टर बसवलेला असायचा आणि काजळी त्यात अडकून पडायची; अशा थोड्या गाड्या काही वर्षांपासून या डेपोत नमुन्यादाखल धावतही होत्या. जो तो विक्रेता आपल्या गाडीचे गोडवे गात होता. शेवटी कोण किती बारीक कण हवेत सोडतं ते मोजूनच बघा असं ठरलं आणि काम तिच्या प्रयोगशाळेकडे आलं.

शेडच्या एका टोकाला जमिनीत मोठे रोलर बसवले. बसची मागची चाकं त्यांच्यावर चढवायची, प्रवाशांच्या जागी वाळूची पोती ठेवायची आणि ड्रायव्हरने समोरच्या पडद्यावर बघत गाडी चालवायची. सिग्नल, थांबा, गर्दी, पुन्हा थांबा, चढ. चाकं गरगरत आणि गाडी जागची हलत नसे. शहराची पुरी फेरी मारून बस होती तिथेच उभी. या कामाला जो ड्रायव्हर दिला होता त्याला डेपोत गोगलगाय म्हणत, कारण रस्त्यावर त्याच्या मागे अख्खं शहर हॉर्न वाजवत उभं राही. इथे मात्र त्याच्यासारखा माणूस शोधून मिळाला नसता. तो म्हणायचा, जन्मात पहिल्यांदाच असे प्रवासी मिळालेत, दाराला लोंबकळत नाहीत आणि उतरताना शिव्याही देत नाहीत.

आता मोजण्यातली एक गोष्ट समजून घ्यायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच घडलं. सायलेन्सरमधला धूर तसाच्या तसा यंत्राला पचत नाही. तो गरम असतो, दाट असतो. म्हणून त्यात साधी हवा मिसळून तो पातळ करायचा आणि मग यंत्रात सोडायचा. ही साधी हवा शेडमधलीच. तिच्यातही कण असणारच, आणि ते बसच्या माथी मारणं बरोबर नाही. म्हणून दुसरी एक नळी शेडच्या मधल्या भिंतीवर खिळ्याला टांगली होती. ती नुसती भोवतालची हवा ओढायची. बसच्या आकड्यातून भोवतालच्या हवेचा आकडा वजा करायचा, उरेल ते बसचं पाप. मिसळायची हवा आधी गाळून घ्यायचं एक उपकरण पहिल्या यादीत होतं, पण वरच्या कुणीतरी ते कापलं. वजाच करायचं आहे तर गाळायचं कशाला, असं त्यांचं म्हणणं होतं. कागदावर ते बिनचूक होतं.

जुन्या डिझेल गाडीने अपेक्षेप्रमाणे सगळ्यांना नाकं दाबायला लावली. गॅसच्या गाडीने चकवलं. तिचा धूर डोळ्याला दिसेना, वजनात भरेना, पण यंत्र एकेक कण मोजायला लागलं तेव्हा इतके बारीक कण निघाले की आधी यंत्रच बिघडलं असं वाटलं. यंत्र ठीक होतं. इंजिनातलं वंगण जळून ते कण होत होते. मग फिल्टरवाली गाडी रोलरवर चढली. गोगलगायीने शहराची फेरी पुरी केली, नळीवालीने वजाबाकी केली, आणि उत्तर शून्याच्या खाली आलं.

तिने पुन्हा मोजलं. पुन्हा उणे. दुसरी फिल्टरवाली गाडी चढवली, तीही उणे. याचा अर्थ एवढाच निघत होता की बस मागून जी हवा सोडत होती ती शेडमधल्या हवेपेक्षा स्वच्छ होती. प्रयोगशाळेचे साहेब स्वतः आले. साहेब फार सभ्य, शिपायालाही कधी एकेरी न बोलणारे. चष्मा वर करून त्यांनी आकडा पाहिला आणि लहान मुलासारखे खूश झाले. म्हणाले, "अहो, ही बस तर हवा धुऊन देतेय."

झालं. बातमीला पाय फुटले. डेपोच्या मुख्यांनी फाटकावर फलक रंगवून घेतला: आमची बस सोडते शुद्ध हवा. फोटो काढायला माणसं आली. मुख्यांनी खिशातला पांढराशुभ्र रुमाल चालू गाडीच्या सायलेन्सरपुढे धरला आणि तो पांढराशुभ्रच राहिला. फिल्टरवाल्यांचा विक्रेता तर जमिनीपासून वीतभर वर चालत होता. आणि खोटं कशाला बोला, नळीवालीही हुरळली होती. तिच्या हातून पहिल्यांदाच असं काही निघालं होतं की ज्याबद्दल लोक रस्त्यात थांबून विचारत.

जेवायला बसल्यावर तिने सगळं रंगवून सांगितलं. मुख्यांचा रुमाल, विक्रेत्याची चाल, साहेबांचा चष्मा. दादा घास हातात धरून ऐकत होता. बोलण्याच्या भरात ती म्हणाली, "दादा, आता तू बसच्या सायलेन्सरला तोंड लावून श्वास घेतलास तरी चालेल. तुझ्या शेडमधल्या हवेपेक्षा तरी—"

आणि ती थांबली. पुढचं वाक्य तिच्या तोंडातच राहिलं. दादा हसला, त्याला विनोद आवडला होता. हसता हसता त्याला खोकला आला आणि तो लवकर थांबेना. वहिनीने पाण्याचा पेला त्याच्यापुढे सरकवला, त्याची पाठ चोळली आणि त्याच्या डोक्यावरून नणंदेकडे बघत साध्या आवाजात विचारलं, "मग ह्यांची हवा कशी आहे?"

त्या प्रश्नाचं उत्तर तिच्या यंत्रात रोज नोंदलं जात होतं आणि तिने ते कधी पाहिलं नव्हतं. भोवतालच्या हवेचा आकडा हा वजा करायचा असतो. वजा केला की त्याचं काम संपलं. दिवसभर घर झाडणारं माणूस केर किती निघाला ते तोलत बसत नाही, तसंच ते. दुसऱ्या दिवशी तिने ते आकडे एकत्र काढले आणि सुन्न झाली. ज्या हवेत दादा वर्षानुवर्षं उभा होता तिचा आकडा पाहून कुणी तिथे माणसाला उभं राहू दिलं नसतं. त्यातही एक गोष्ट डोक्यात शिरेना. गॅसच्या गाडीच्या दिवशी शेडची हवा वाईट असे. फिल्टरवाल्या गाडीच्या दिवशी ती भयंकर असे. सगळ्यांत स्वच्छ गाडी रोलरवर चढते त्याच दिवशी शेड इतकी घाण का व्हावी?

तिने वारा तपासला, बाहेरचा रस्ता तपासला, पंखे हलवले, नळ्या बदलून पाहिल्या. मुख्यांकडून रस्ता झाडायच्या वेळा काढल्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. कळसा सापडला तो अचानक. यंत्राला तापायला वेळ द्यावा म्हणून एक दिवस ती नेहमीपेक्षा लवकर शेडमध्ये आली आणि मधल्या भिंतीपलीकडे कॉम्प्रेसर चालू असल्याचा आवाज आला.

ती भिंत छपरापर्यंत पोचत नव्हती. पलीकडे दादाचा खड्डा होता. दादाने आज चाचणीला लागणाऱ्या गाडीचा फिल्टर खोलून बाहेर काढला होता, दोन विटांवर उभा केला होता आणि पाइपने त्यात जोरात हवा मारत होता. प्रत्येक झोताबरोबर दुसऱ्या तोंडातून काळी-करडी धूळ उसळत होती, इतकी बारीक की चाचणी संपेपर्यंत खाली बसली नसती. ती भिंतीवरून अलीकडे येत होती आणि अलीकडे, अगदी वर, खिळ्याला तिची नळी टांगलेली होती. दादाच्या नाकावर एक फडकं बांधलेलं होतं. त्याने तिला पाहिलं, पाइप बंद केला आणि फडकं खाली ओढून म्हणाला, "अगं, आज एवढ्या लवकर? लांब हो, कपडे खराब होतील."

मग त्याने मोठ्या हौसेने सांगितलं. शहरात गाडी चालते कमी आणि थांबते जास्त, त्यामुळे हे फिल्टर तुंबतात. ड्रायव्हरपुढचा दिवा लागला की ते काढून हवा मारून साफ करायचे, असा नियम. पण तिच्या गाड्यांना तो दिव्याची वाट बघत नव्हता. चाचणीच्या दिवशी पहाटे येऊन प्रत्येक फिल्टर स्वतः खोलायचा, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही. "तुझ्या गाड्या मीच बघतो" असं तो घरी म्हणायचा तेव्हा तिला वाटायचं, नट-बोल्ट बघत असेल.

"तुझा आकडा चांगला यायला नको का?" तो म्हणाला.

तिला सगळं एकदम दिसलं. रस्त्यावर फिल्टरने जे गिळलं ते दादा इथे उलटून काढत होता. त्यातलं काही त्याच्या छातीत जात होतं, काही खिळ्यावरच्या नळीत. नळीत गेलेलं ती भोवतालची हवा म्हणून लिहीत होती आणि बसच्या नावावरून कमी करत होती. बसची घाण बसच्याच खात्यातून वजा होत होती, आणि ती हवा धुणारी बस, तो पांढरा रुमाल, तो फलक, सगळं दादाच्या श्वासावर उभं होतं. तिला शरम वाटली. शरमेच्या मागोमाग राग आला, आणि तो कुणावर काढावा ते समजेना. आपलेच दात, आपलेच ओठ.

तिने त्याला समजावून सांगितलं. तो लक्ष देऊन ऐकत राहिला आणि शेवटी एवढंच म्हणाला, की कुणीतरी साफ करायलाच हवं. मी नाही केलं तर दुसरा कुणी खड्ड्यात उतरेल, त्याला तरी कोण बहीण आहे सांगायला?

घरी वहिनीला हे सांगताना तिला वाटलं होतं की वहिनी घाबरेल. वहिनी घाबरली नाही. ती आत गेली आणि धुवायला टाकलेला उशीचा अभ्रा घेऊन आली. मध्यभागी, जिथे तोंड येतं तिथे, राखेच्या रंगाचा डाग होता. "ह्यांचे अभ्रे मी वेगळे धुते," ती म्हणाली. "कधीपासून ते विचारू नकोस."

दोघींनी मिळून दादाला डॉक्टरकडे ओढत नेलं. डॉक्टरांनी छातीची फिल्म उजेडासमोर धरली आणि पेनाच्या टोकाने दोन्ही बाजूंचे डाग दाखवले. मग म्हणाले, आत गेलं ते आता बाहेर येणार नाही, निदान आणखी जाऊ देऊ नका. त्यांनी कागदावर लिहून दिलं: शेड सोडावी. रस्त्यावर आल्यावर दादाने तो कागद घडी घालून आतल्या खिशात ठेवला आणि बजावलं की डेपोत याचा एक शब्द निघता कामा नये. काम करायला नालायक ठरलेल्या फिटरला तिथे दुसऱ्या दिवशी आत घेत नाहीत. घरी बसून भिंती बघत बसायचं का मी, असं त्याने विचारलं.

"भिंती बघा," वहिनी म्हणाली, "पण बघायला राहा."

वाट काढायची होती ती नळीवालीलाच. तिला फाटकावरची खुर्ची आठवली. फाटक उघडणारा म्हातारा लवकरच निवृत्त होणार होता. खुर्ची उघड्यावर होती, झाडाखाली, आणि तिथला वारा शेडमधून येत नव्हता. दादाला तिथे बसवता आलं तर आजाराचं नावही काढावं लागणार नव्हतं. इतकी वर्षं झाली, आता जरा बसतं काम द्या, एवढं पुरलं असतं. शेडची हवा वाईट आहे हे मात्र दाखवावं लागणार होतं, आणि ते तिच्याकडे आकड्यांत होतं. आकड्यांवर तिचा फार विश्वास होता. निम्मं आयुष्य त्यांच्यात गेलं होतं.

ती साहेबांकडे गेली. साहेबांनी दार लावून घेतलं, सगळं ऐकलं, आकडे पाहिले. म्हणाले, उण्याची भानगड तर निस्तरायलाच हवी, नाहीतर उद्या आपण तोंडावर पडू. बाकीचं मात्र कठीण आहे. "तुमचं म्हणणं मला पटतं. पण आपल्याला विचारलंय ते सायलेन्सरमधून काय येतं ते. ही धूळ सायलेन्सरमधून आलेली नाही."

"सायलेन्सरमधलीच आहे साहेब," ती म्हणाली. "फक्त हाताने काढलेली."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. बैठकीत तुम्हीच बोला, मी मध्ये येणार नाही, असं त्यांनी कबूल केलं आणि तो शब्द पाळला. ते वाईट नव्हते. त्या सगळ्या प्रकरणात वाईट माणूस शोधायला गेलं तर एकही सापडला नसता, आणि तिला सर्वांत जास्त चीड याचीच आली.

लांब टेबलाभोवती शहराचे लोक बसले होते, डेपोचे मुख्य होते, टोकाला विक्रेता होता. तिने उभं राहून सांगितलं की शून्याखालचा आकडा खोटा आहे. तो का खोटा आहे हे सांगितलं. फिल्टर उघड्यावर हवा मारून साफ करणं ताबडतोब बंद करा, त्यासाठी धूळ ओढून घेणारी बंद पेटी मिळते ती आणा, असं सांगितलं. आणि शेवटी, ज्याने या धुळीत सर्वांत जास्त वर्षं काढली त्या फिटरला आता फाटकावर बदली द्या, असं म्हटलं. तो आपला भाऊ आहे हे तिने सांगितलं नाही. सगळ्यांना ते ठाऊक होतं.

पहिला बोलला तो विक्रेता. त्याला एकच भीती होती, आता गाडीचा आकडा किती वाढणार? त्यावर चर्चा सुरू झाली आणि तिथेच फिरत राहिली. मोजायची जागा चुकली हे सर्वांना मान्य झालं. चूक वेळेवर दाखवून दिल्याबद्दल तिचे आभार मानले गेले, मनापासून. मग एकमताने ठरलं की हवेची नळी शेडमधून काढून बाहेर स्वच्छ हवेत न्यावी; मिसळायची हवाही लांब पाइपने तिथूनच आणावी आणि सगळ्या चाचण्या नव्याने घ्याव्यात. स्वच्छ हवा कुठे मिळेल? मुख्य म्हणाले, फाटकापाशी. पेटीचा विचार पुढे करू. तोवर फिटरांना तोंडावर लावायच्या पट्ट्यांचं एक खोकं देऊ.

"आणि बदलीचं?" तिने विचारलं.

मुख्य हसले, आणि ते हसणं आपुलकीचंच होतं. "शिट्टीला कसा सोडू, बाई? त्याच्यासारखा फिल्टर कुणाला साफ करता येत नाही. तुमचेच आकडे सांगतात की."

तेव्हा दादासाठी मागितलेली जागा नळीला मिळाली. तिच्या सगळ्या धडपडीचा एवढाच निकाल लागला.

फाटकापाशी खिळा ठोकायचं काम ज्याच्याकडे आलं तो अर्थातच दादा. तो हातोडी घेऊन आला, झाडाखालच्या भिंतीवर दोन-तीन ठिकाणी हात ठेवून पाहिला आणि तिला विचारलं, इथे बरी आहे का हवा? ती म्हणाली, बरी आहे. त्याने खिळा ठोकला, नळी टांगली, ओढून पाहिली. फाटकवाला म्हातारा म्हणाला, शिट्टी, बस की जरा. दादा त्या खुर्चीत बसला. पाठ टेकून पाहिली, खुर्चीच्या हातांवर हात ठेवून पाहिले, लग्नाला आलेल्या पाहुण्यासारखा. मग ओठांचा चंबू करून त्याने शिट्टी मारायचा प्रयत्न केला. नुसती फुंकर निघाली. म्हाताऱ्याच्या जागी कुणा वरच्या माणसाचा मेहुणा येणार असल्याचं तोपर्यंत सगळ्या डेपोला कळलं होतं. दादा उठला, खुर्ची होती तशी सरळ केली आणि शेडमध्ये निघून गेला.

नव्या चाचण्यांमध्ये फिल्टरवाल्या गाडीचा आकडा शून्याच्या जरासा वर आला. तरी तीच सर्वांत चांगली निघाली, गॅसपेक्षा चांगली आणि जुन्या डिझेलशी तर तुलनाच नाही. शहराने सगळ्या नव्या गाड्या फिल्टरच्याच घ्यायचं जवळपास ठरवलं. राहिली होती ती एक शेवटची चाचणी, रीतसर, विक्रेत्याच्या इंजिनिअरसमोर. फाटकावरचा फलक कुणी उतरवला नाही. मोजमापात आता काहीही खोटं नव्हतं, आणि तिला एकदा मनात येऊन गेलं की ते खोटं असतानाच बरं होतं, निदान भांडायला जागा होती.

शेवटच्या चाचणीच्या आधी घरी चहा घेताना तिने दादाला गळ घातली. उद्याच्या गाडीचा फिल्टर काढू नकोस. दिवा लागलेला नाही, नियमात बसत नाही, जसा आहे तसा राहू दे. आकडा चार कण वाढला तरी मला चालेल. दादाने कपबशी खाली ठेवली आणि हो म्हटलं. वहिनीने त्याला ते दुसऱ्यांदा म्हणायला लावलं.

ती सकाळी शेडमध्ये आली तेव्हा सगळं शांत होतं. जमीन पाण्याने धुतलेली होती, कॉम्प्रेसर बंद होता. गाडी रोलरवर तयार होती आणि गोगलगाय स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरून बसला होता. चाचणी झाली. विक्रेत्याचा इंजिनिअर तिच्या खांद्यामागून आकडा बघत होता. आकडा चांगलाच होता, पण परवाच्या शेवटच्या फेरीच्या मानाने थोडा चढा. ती बुचकळ्यात पडली. इंजिनिअर मात्र निवांत होता. त्याने विचारलं, फिल्टर नुकताच साफ केलाय ना? मग असं होणारच. आत काजळीचा पातळ थर असला की तोच थर सर्वांत बारीक कण अडवतो. लख्ख साफ केलेला फिल्टर पहिल्या फेरीला थोडं जास्तच सोडतो. आम्ही तर म्हणतो, दिवा लागेपर्यंत हात लावू नका.

ती भिंतीपलीकडे गेली आणि कॉम्प्रेसरच्या टाकीवर हात ठेवला. टाकी कोमट होती.

दादा मोरीतून तोंड धुऊन येत होता. केस ओले होते, ती नवी पट्टी गळ्यात लोंबत होती. चेहरा स्वच्छ होता, फक्त पापण्यांच्या कडेला काळं राहिलं होतं, काजळ घातल्यासारखं. तिच्या नजरेवरून त्याने ओळखलं की चोरी पकडली गेली आणि शाळकरी पोरासारखा ओशाळा हसला.

"शेवटची होती ना," तो म्हणाला. "म्हटलं, तू यायच्या आत उरकून टाकू. तुझ्या नाकात नको जायला."

तिच्या मनात होतं ते सांगितलं असतं तर त्या सगळ्या पहाटा, खोललेला प्रत्येक फिल्टर, गिळलेली सगळी धूळ एका वाक्यात फुकट गेली असती. आणि सांगून वाचणारही काही नव्हतं. चाचण्या संपल्या होत्या. उद्यापासून नव्या गाड्या येणार होत्या, आणि त्यांचे दिवे लागणार होते.

"कमी आला ना आकडा?" दादाने विचारलं.

"आला, दादा," ती म्हणाली. "खूप कमी आला."

त्याला बरं वाटलं. चेहरा उजळला, खोकल्याची एक उबळ त्याने हाताच्या मुठीत दाबून टाकली. मग पाना उचलून त्याने खड्ड्याच्या कडेच्या लोखंडावर दोनदा ठोकलं, आणि गाडी झाली हे कळून गोगलगायीने ती हळूहळू रोलरवरून खाली उतरवली.